रंगावरून वस्तऱ्याचा दगड ओळखता येत नाही

वस्तऱ्याला धार लावायच्या खाणीतल्या दगडांबद्दल “पिवळा दगड म्हणजे बेल्जियमचा कोटिक्युल, काळा म्हणजे अर्कान्सा, आणि व्हिनेगरने फेस आला नाही की 12000 ग्रिट पक्की” असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

ग्रिट म्हणजे कण किती बारीक आहेत ते सांगणारा आकडा (जितका मोठा, तितके कण बारीक), आणि तो मुळात कारखान्यात कण वेगळे करून बनवलेल्या दगडांचा. खाणीतल्या दगडाला तो फार तर अंदाजाने चिकटवतात. फेस आला तर दगडात कार्बोनेट आहे, एवढंच कळतं. अर्कान्सा (अमेरिकेतल्या त्याच नावाच्या राज्यातला दगड) पांढरा, करडा, काळा कसाही निघतो. सगळा जवळपास निव्वळ सिलिकाच. कोटिक्युल कापतो तो गार्नेट या कठीण खनिजाच्या बारीक कणांमुळे, आणि म्हणून तो वजनालाही भारी.

त्यामुळे रंगापेक्षा घनता बघा. दगड कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. पाण्यात वजन जेवढं घटलं, तेवढ्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर 3 च्या आसपास आलं तर तो अर्कान्सा नव्हे, तो 2.65 च्या वर जात नाही. नाव तेवढ्याने ठरत नाही, पण बऱ्याच शक्यता गळतात.

वस्तऱ्याला चालेल का, हे धारच सांगेल. ओळखीच्या 8000 ग्रिटच्या दगडानंतर यावर वस्तरा फिरवा (आवडता नको!) आणि भिंगातून ओरखडे बघा, बारीक झाले की भरड.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.