ऑक्टोबरमधला धबधबा, लांबलेली शिकार आणि आमचा बोटीवरचा गाईड : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय मी वाचला आणि आमच्या सहल कंपनीच्या ऑफिसमधल्या ज्यांना मराठी येत नाही त्यांनाही समजावून सांगितला. एक तारा आणि तीन तक्रारी. पहिली, व्हिक्टोरिया धबधबा दाखवतो म्हणून नेलं आणि कोरडा कडा दाखवला. दुसरी, शिकार लांबली आणि कसानेच्या, म्हणजे बोट्स्वानातल्या चोबेच्या जंगलाजवळच्या गावातल्या, दोन रात्रींचे पैसे बुडाले. तिसरी, बोटीवरचा गाईड उर्मट आणि कामचुकार होता, मुलांना पाण्यात हात घालू दिला नाही आणि पकडलेले मासे परत सोडायला लावले. तिन्हींचं उत्तर इथेच देते, कारण अशी सहल ठरवणारी दुसरी मराठी कुटुंबंही हे वाचणार आहेत.

त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. तुमचे मेहुणे आणि त्यांचे वडील टेक्सासहून झिम्बाब्वेतल्या मातेत्सी भागात रानरेड्याच्या शिकारीला येणार होते. ती शिकार एका वेगळ्या कंपनीकडे होती. आम्ही शिकार विकत नाही. तुम्ही, ताई, आई-बाबा आणि मुलं यांची धबधबा, चोबेचं जंगल आणि झांबेझीवर गळ टाकून मासेमारी एवढी सहल त्या शिकारीच्या आजूबाजूला बसवणं, हे आमचं काम होतं.

आता धबधबा. तो झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवर झांबेझी नदीवर आहे. झांबेझीला येणारं पाणी बहुतेक अंगोला आणि झांबियाच्या वायव्य भागातल्या पावसाचं असतं. तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पण ते पाणी लगेच आमच्याकडे पोहोचत नाही. वाटेत बारोत्सेचं प्रचंड पूरमैदान लागतं, तिथे ते पसरतं, साठतं आणि सावकाश खाली सरकतं. त्या मैदानात राहणाऱ्या लोझी लोकांचा राजा पूर चढला की लेआलुईचा वाडा सोडून नावेतून लिमुलुंगाच्या उंच जागी जातो, तो कुओम्बोकाचा सोहळा होतो तेव्हा इथल्या लोकांना कळतं की पुढचे काही आठवडे धबधबा गर्जणार. एप्रिलच्या सुमारास तो सर्वांत भरलेला असतो. 1708 मीटर रुंद आणि 108 मीटर खोल असा सलग पडदा. मात्र तेव्हा तुषार इतके उडतात की समोर उभं राहून भिजायला होतं आणि पडदा अर्धा धुक्यातच जातो. तिथून पुढे पाणी उतरत जातं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत कमी होतं. झांबियाच्या बाजूचा पूर्वेकडचा भाग तेव्हा बराचसा उघडा पडतो. 2019 च्या अखेरीस जगभर फिरलेले कोरड्या कड्याचे फोटो याच बाजूचे होते. तुम्ही अभिप्रायाला जोडलेला फोटोही इथलाच आहे.

नदीचं पात्र झिम्बाब्वेच्या बाजूला खोल आहे, त्यामुळे तिथला डेव्हिल्स कॅटरॅक्ट (धबधब्याची पश्चिम टोकाची धार) आणि मुख्य धबधबा ऑक्टोबरमध्येही वाहत असतो. म्हणून तर तुमच्या कार्यक्रमात एक अख्खी सकाळ पूल ओलांडून त्या बाजूला ठेवली होती. तुम्ही तिथे गेलात, आई-बाबांनी तिथे बराच वेळ बसून पाणी पाहिलं, हे तुमच्यासोबत असलेल्या आमच्या माणसाने मला सांगितलं. अभिप्रायात मात्र त्या सकाळचा उल्लेख नाही, म्हणून तो मी करते आहे.

मग आम्ही ऑक्टोबर का निवडला? खरं तर तो शिकारीने निवडला होता, आणि बरोबर निवडला होता. कोरड्या मोसमाच्या शेवटी रानातली लहान पाणवठे आटतात, गवत बसतं, कळप उरलेल्या पाण्याकडे येतात आणि माग काढणाऱ्याला जमीन वाचता येते. त्याच कारणाने चोबे नदीकाठी हत्तींची रांग लागते. त्याच कारणाने झांबेझीचं पाणी पात्रात येतं, नितळ होतं, उकाड्याने तापतं आणि टायगर फिश आमिषावर तुटून पडतो. पुराच्या दिवसांत हाच मासा गवताळ पाण्यात पांगलेला असतो, दिवसभर गळ टाकला तरी हाती काही लागेल याची खात्री नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर तर झांबियात मासेमारीला बंदीच असते, माशांच्या विणीसाठी. म्हणजे रानरेडा, हत्ती आणि टायगर फिश हे तिन्ही ज्या कोरडेपणामुळे मिळतात, त्याच कोरडेपणामुळे धबधबा बारीक होतो. एकाच सहलीत तो एप्रिलसारखा भरलेला आणि हे तिन्हीही हवं, असं कुणीही जुळवून देऊ शकत नाही. जो देतो म्हणेल त्याच्याकडे पैसे भरू नका. तुम्हाला पाठवलेल्या पहिल्याच पत्रात हे स्पष्ट लिहिलं होतं, सोबत त्या महिन्याचा झांबियाच्या बाजूचा फोटोही होता, आणि त्याखाली ताईंचं उत्तर आहे की मुलांना हत्ती आणि मासे जास्त आवडतील.

कसानेच्या दोन रात्री. रानरेड्याची शिकार घड्याळावर चालत नाही. पहाटे माग धरायचा आणि पायी मागावर राहायचं, रेड्याने वारा ओळखला की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत रेडा जखमी झाला आणि दाट झुडपांत शिरला. जखमी रेडा तसाच सोडून परत येता येत नाही. तो वाटेवरच्या माणसावर, लाकडं गोळा करणाऱ्या बाईवर, दुसऱ्या दिवशी माग काढणाऱ्यावर धावून जाऊ शकतो. शिवाय जखमी जनावर हाती लागो न लागो, त्याची ठरलेली फी शिकाऱ्याला द्यावीच लागते. त्यांच्यासोबतचा परवानाधारक शिकारी मागावर राहिला ते योग्यच केलं. मी त्याच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं.

प्रश्न एवढाच होता की तोवर बाकीच्या कुटुंबाने काय करायचं. आम्ही ठरल्या दिवशी तुम्हाला कसानेला घेऊन जायला गाडी तयार ठेवली होती आणि मेहुणे मागून येतील असं सुचवलं होतं. चोबे सर्वांनी एकत्र पाहायचं असं तुमच्या घरात ठरलं. त्यात काही वावगं नाही, सगळे इतक्या लांबून एकत्र आले होते. पण त्या खोल्या तुमच्या नावाने रिकाम्या राहिल्या. कसानेच्या लॉजच्या रद्द करण्याच्या अटी बुकिंगच्या वेळी तुम्हाला पाठवल्या होत्या, आणि ऐन हंगामात आयत्या वेळी खोली सोडली तर पैसे परत मिळत नाहीत हे त्यात होतं. तरीही मी लॉजशी बोलत राहिले. त्यांनी त्यातली काही रक्कम पुढच्या वर्षीच्या मुक्कामात वळती करायचं कबूल केलं आहे. ते पत्र तुमच्या ईमेलवर आलेलं आहे, कृपया पाहा.

इतरांसाठी एक सांगते, कारण हे पुन्हा पुन्हा घडतं. शिकार सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको. तिच्यानंतर निदान दोन दिवस मोकळे ठेवा, ज्यांचे पैसे आधी भरलेले नाहीत असे. शिकार वेळेत संपली तर त्या दिवसांत धबधबा बघा, नदीवर जा. आणि बंदूक पुढच्या प्रवासात घेऊ नका. तिचा तात्पुरता परवाना त्या त्या देशाचा असतो, बोट्स्वाना आणि झांबियासाठी वेगवेगळे कागद लागतात आणि सीमेवर सगळं कुटुंब गाडीत उकडत बसतं. शक्य असेल तर शिकार कंपनीचीच बंदूक भाड्याने घ्यावी. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या जन्मदाखल्यांच्या प्रमाणित प्रती बोट्स्वानासाठी हव्यातच.

जेवणाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, तिचं थोडक्यात उत्तर: आई-बाबांचं शाकाहारी जेवण आधीच कळवलं होतं आणि ते मिळालं. न्शिमा (मक्याच्या पिठाचा इथला घट्ट उकडा) त्यांना नको होता, म्हणून भात केला.

आता गाईडबद्दल. बाकी सगळं मी शांतपणे लिहिलं, हे मात्र मला लागलं आहे.

ऑक्टोबरमध्ये नदी उतरली की वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्यांवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात आणि काठालगतच्या गढूळ पाण्यात ज्या असतात त्या दिसत नाहीत. पाणघोडे उरलेल्या खोल डोहांत दाटीने राहतात आणि बोट त्यांच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये आली तर उलटवतात. तुमची मुलं बोटीच्या कडेवरून हात सोडून बसली होती. त्याने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. आवाज चढवला हे खरं आहे, त्याने मला स्वतः सांगितलं. वाळूवर बोट लावून फोटो काढायचा होता तेव्हाही तो नाही म्हणाला. कारण त्याच वाळूवर त्याला मगरीच्या सरपटण्याची ताजी रेघ दिसली होती आणि तुम्हाला ती दिसली नव्हती. लहान मुलं बोटीत असताना जो गाईड पाहुण्यांना खूश ठेवायला हो म्हणतो, त्याला मी कामावर ठेवणार नाही.

मासे सोडण्याचं म्हणाल तर टायगर फिश आम्ही सोडतोच, हे बुकिंगच्या कागदावर आहे. त्याच्या दातांमुळे गळाच्या पुढे तारेचा तुकडा बांधावा लागतो, जबडा इतका हाडाळ की गळ रुतता रुतत नाही, म्हणून तो हाती लागला की माणसाला त्याला सोडवत नाही, हे मी समजू शकते. पण मोठे टायगर फिश बहुतेक अंड्यांवर येणाऱ्या माद्या असतात. त्या ताटात गेल्या तर पुढच्या वर्षी गळाला काय लागणार? शिवाय त्याचं मांस काट्यांनी भरलेलं. खाण्यासाठी इथे ब्रीम पकडतात, आपल्याकडच्या चिलापीच्या घरातला मासा. तुमच्या मुलांनी पकडलेले दोन ब्रीम त्या संध्याकाळी लॉजवर तळून तुम्हाला वाढले होते. आणि उकाड्यात दमलेला टायगर फिश पाण्यात धरून, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः हातातून सुटेपर्यंत थांबायला त्यानेच तुमच्या मोठ्या मुलाला शिकवलं. त्याचा व्हिडिओ मुलाने ऑफिसला पाठवला आहे, हसतोय त्यात.

हा गाईड याच नदीकाठच्या गावात वाढला. त्याच्या नावाखाली "उर्मट" आणि "कामचुकार" हे शब्द राहिले तर पुढच्या हंगामात त्याला बोट मिळणं अवघड होईल, कारण इथले लॉजवाले अभिप्राय वाचूनच माणसं निवडतात. आमच्या कंपनीला तुम्ही एक तारा द्या, पाच द्या, तो तुमचा अधिकार आहे आणि त्यावर मी काही म्हणणार नाही. त्याच्याबद्दलच्या त्या दोन ओळी मात्र कृपया काढून टाका. अभिप्रायाच्या उजव्या कोपऱ्यात संपादनाचं बटण आहे. बाकीचा मजकूर आहे तसाच राहील.