आधी समिती लावा, मग रोपं

सोसायटीत सगळ्यांनी मिळून बाग करायची तुमची इच्छा आहे हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडेही होती. बाग नव्हे, इच्छा. ती आम्ही तीन वर्षं जोपासली, म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगतो. तुम्ही विचारलेलं नाही, पण मी पुण्यात राहतो.

पहिली गोष्ट, झाडापासून सुरुवात करू नका. झाड काय, कुणीही लावतं. कावळासुद्धा लावतो, आमच्या पाण्याच्या टाकीच्या भेगेतला पिंपळ त्यानंच लावलाय आणि आजवर एकही सभा न घेता तो सहा फूट झालाय. तुम्ही माणसं आहात. तुम्ही आधी समिती लावा. निदान अकरा जणांची. अध्यक्ष असा निवडा की ज्याच्या बाल्कनीत एसीचं यंत्र आणि वाळत घातलेली पायपुसणी यापलीकडे काही नाही. ज्याच्या घरी खरोखर कुंड्या आहेत तो माणूस समितीला निरुपयोगी असतो. सभा ऐन रंगात आली की तो म्हणतो, "जरा पाणी घालून येतो," आणि जातो.

मग बागेचं नाव ठरवा. याला घाई नको. 'नंदनवन' की 'हरितस्पर्श' यावर आम्ही दोन रविवार घालवले, तिसऱ्या रविवारी पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी 'स्पर्श' या शब्दाला आक्षेप घेतला. शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला 'बाग (अधिकृत)' असं नाव पडलं, कारण तोवर फुटीर गटानं 'बाग' नावाचा ग्रुप काढला होता.

आता जागा. कुंपणाच्या कडेला दक्षिणेकडे आठ फुटांचा पट्टा मोकळा असेल, तिथं ऊन येत असेल आणि नळही जवळ असेल, तर तो तातडीनं पार्किंगला देऊन टाका. बाग गच्चीवरच शोभते. गच्चीवर विटांचे पक्के वाफे बांधा आणि त्यात टेम्पोभर लाल माती टाका. कुणीतरी शहाणा म्हणेल की फूटभर खोल वाफ्यातली माती भिजली की चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास भरते आणि गच्चीचा स्लॅब एरवी माणसांच्या वावरासाठी चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरून काढलेला असतो. त्याला विचारा, "तुम्ही सिव्हिल आहात का?" तो नेमका सिव्हिलच निघाला, तर त्याला समितीवर घ्या, म्हणजे तो बोलायचा थांबेल.

हाच माणूस तुम्हाला असंही सांगू पाहील की गच्चीवर मातीची गरजच फार नसते. रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणायचं, वाळका पाला आणि घरचा ओला कचरा थरांनी रचायचा, वर मूठ मूठ माती. वजन हलकं आणि सहा महिन्यांत काळंभोर खत. श्री. अ. दाभोळकर म्हणून गणिताचे प्राध्यापक होते, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि ज्यानं त्यानं स्वतः करून बघावं, दुसऱ्याला सांगावं, असं हे शास्त्र अंगणाअंगणांत पोचवलं. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून स्वयंपाकघराच्याच कचऱ्यावर फळझाडं, भाज्या वाढल्या. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. चिपाड फुकट मिळतं. फुकटच्या वस्तूचं कोटेशन येत नाही, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्या खजिनदारांना झोप लागत नाही.

पाल्याचं तर विचारूच नका. आमच्या आवारात गुलमोहर, कडुनिंब आणि एक अवाढव्य बदाम आहे. बदामाची पानगळ झाली की रोज पाच-सहा पोती वाळका पाला निघतो. तो आम्ही काळ्या पिशव्यांत गच्च बांधून घंटागाडीला देतो, कारण पाला हा कचरा आहे. मग ओल्या कचऱ्याच्या खताला वाळकं काहीतरी लागतं म्हणून केरळातून आलेला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा, ठोकळा ऑनलाइन मागवतो, कारण कोकोपीट हा माल आहे. दोन्हींत फरक काय, असं एका सातवीतल्या मुलीनं विचारलं होतं. तिच्या आईला ग्रुपवर समज देण्यात आली.

जीवामृत, म्हणजे शेणागुळाचं आंबवलेलं पातळ खत, मात्र कराच. कृती सोपी आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो काळा गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ही कृती एक एकर शेतासाठी आहे, हा तपशील कुणी काढलाच तर दुर्लक्ष करा. आम्ही चाळीस कुंड्यांसाठी सगळंच्या सगळं केलं. ड्रम लिफ्टच्या मशीनरूमशेजारी, मे महिन्यात, झाकण घट्ट लावून. चौथ्या दिवशी झाकणानं स्वतःच निर्णय घेतला. वरच्या मजल्यावर त्या दुपारी मुलगी बघायला पाहुणे आले होते. लग्न जमलं, पण दुसरीकडे.

इथं आमच्या वॉचमनमामांचा विषय काढायला हवा. मामा हिंगोलीकडचे. गावी अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन नि तूर. दोन वर्षं पाऊस हातचं पीक घेऊन गेला, तेव्हा इकडे आले आणि आता आमच्या फाटकावर खुर्ची टाकून बसतात. त्यांना बागेबद्दल चुकूनही काही विचारू नका. ते शेतकरी आहेत. त्यांचं ज्ञान अनुभवावर आधारलेलं असतं, आणि आपल्याकडे चौतीस स्लाइडचं प्रेझेंटेशन असतं. आम्ही ते क्लबहाउसात दाखवलं, 'माती: एक ओळख'. प्रोजेक्टरची वायर धरायला मामा उभे होते. कंपोस्टमध्ये ओलावा किती हवा यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली, टक्केवारीचे आलेख झाले. मामा हळूच म्हणाले, "साहेब, मुठीत दाबून बघायचं. हाताला ओल लागावी, थेंब पडू नये." अध्यक्षांनी ओलावामापक मीटरची ऑर्डर द्यायला सांगितली.

रोपं लावण्याचा मुहूर्त ५ जून. जागतिक पर्यावरण दिन. मृगाला दोन-तीन दिवस असतात, पाऊस पुण्यात कधी येईल ते वेधशाळाही छातीठोक सांगत नाही, गच्चीवर अनवाणी पाय ठेवला तर पोळी भाजेल. पण बॅनर छापून झालेलं असतं. प्रमुख पाहुणे म्हणून माजी नगरसेवक बोलवा, नाहीतर भावी. शहरात दोन्हींचा तुटवडा नाही. एकाच रोपाला नऊ जणांनी हात लावलेला फोटो हवा. आमच्या फोटोत टोमॅटोचं रोप दिसत नाही, पण हात सगळ्यांचे ओळखू येतात.

फोटो झाला की पाट्या. यात मी स्वतः लक्ष घातलं, कारण बागेला माती कमी पडली तरी चालते, पाटी कमी पडून चालत नाही. 'झाडांना हात लावू नये.' 'मुलांनी बागेत खेळू नये.' (मुलांना मातीची ओढ लागावी हा आमच्या बागेचा उद्देश क्रमांक एक.) 'बागेत मोठ्यानं बोलू नये, फोनवर तर अजिबात नाही, रोपांना तुमच्या मुलाचं पॅकेज कळण्याची गरज नाही.' सगळ्यात मोठी पाटी फुलांसाठी: 'फुलं तोडू नयेत. देवासाठीसुद्धा. देवाला विकतची चालतात, आम्ही विचारलंय.'

ही पाटी लावूनही पहाटे साडेपाचला आकडी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जास्वंदीकडे येणारी मंडळी थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा. ती आपल्याच सोसायटीतली असतात आणि त्यांतले एक जण पाटी समितीवर असतात. मी पाटी लिहिली तेव्हा घरी नैवेद्याशेजारी पाच जास्वंदी होत्या. कुठून आल्या, हे मी बायकोला विचारलं नाही. संसार टिकवायचा असेल तर तुम्हीही विचारू नका.

पाणी. इथं खरी कसोटी. चौसष्ट फ्लॅट, आठवड्याचे सात दिवस. एकेका घराच्या वाट्याला दोन महिन्यांतून एकदा पाणी घालणं येतं. तक्ता रंगीत करा, लॅमिनेट करा, लिफ्टमध्ये लावा. आमच्या तक्त्यावर पहिल्या आठवड्यात सातही जणांनी पाणी घातलं आणि सातही जणांनी त्याचे फोटो टाकले. एका दिवशी तर तिघांनी घातलं आणि मेथी पोहून गेली. दुसऱ्या आठवड्यात फोटो आले, पाणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ग्रुपवर सकाळी सुविचार आणि हात जोडल्याचं चित्र. चारशे दोनमधली भाडेकरू मुलगी मात्र रोज ऑफिसला जाण्याआधी एक बादली ओतून जात असे. तिला समितीनं लेखी कळवलं की भाडेकरूंना सभासदत्व नसल्यामुळे बागेसंबंधी निर्णयात त्यांना भाग घेता येणार नाही. पाणी घालणं हा निर्णय आहे की कृती, यावर उपविधी काही सांगत नाहीत. तिनं घर बदललं.

एवढं करूनही पीक येतंच. हा निसर्गाचा आगाऊपणा. जुलैअखेर आमच्याकडे अकरा टोमॅटो, सात भेंड्या आणि एक दुधी लागला. चौसष्ट फ्लॅटना अकरा टोमॅटो कसे वाटायचे, हा प्रश्न कुठल्याही सहकारी कायद्यात सुटलेला नाही. एक प्रस्ताव क्षेत्रफळानुसार वाटण्याचा आला. तीन बेडरूमवाल्यांनी पाठिंबा दिला. दुसरा प्रस्ताव लिलावाचा. तिसरा, मेन्टेनन्स थकवलेल्यांना वगळण्याचा, आणि इथं आवाज चढले. तोवर टोमॅटो पिकून गळले आणि त्यांतले चार खारीनं नेले. खार मेन्टेनन्स देत नाही, हे सचिवांनी इतिवृत्तात नोंदवलं आहे.

दुधीचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर त्या बुधवारी कोफ्त्यांचा वास होता, एवढंच मी सांगू शकतो.

ऑगस्टमध्ये तुमच्या कंपोस्टच्या पेटीत करड्या, जाड अळ्या दिसतील. काळ्या सैनिक माशीच्या असतात. ना चावतात, ना रोग पसरवतात, झपाट्यानं ओला कचरा फस्त करतात आणि आपलं काम संपवून निघून जातात. म्हणजे समितीच्या बरोबर उलट. त्यामुळे त्यांच्यावर ताबडतोब औषध मारा. कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी मात्र तसंच राहू द्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि आपला पाणी समितीचा आढावा महिन्यातून एकदा असतो. महापालिकेची माणसं येऊन ताटलीत टॉर्च मारतील, नोटीस देतील. तीही लॅमिनेट करा. जवळच गांडूळखत प्रकल्पाची पाटी असू द्या, ती मालमत्ता करातल्या सवलतीसाठी आहे. गांडुळं जूनमध्येच गेली.

आता शेवटची सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि बागेचा विषय तिथं 'आयत्या वेळचे विषय'मध्ये येतो. तोवर वाफ्यांत वाळलेल्या काटक्या, पिठ्या ढेकणानं पांढरी झालेली जास्वंद आणि सर्वात वरच्या फ्लॅटच्या छताला भारताच्या नकाशाएवढा ओलावा उरलेला असतो. हिशेब मांडा: माती, विटा, टेम्पो, मीटर, बॅनर, पाहुण्यांची शाल आणि श्रीफळ, लॅमिनेशन. आमचा टोमॅटो नगाला दोन हजारांच्या पुढे गेला, त्यातही खारीचे चार धरून.

त्याच सभेत कुणीतरी तक्रार करेल, आमच्याकडे मीच केली. पंपरूमच्या मागे बेकायदा लागवड आढळली होती. बिल्डिंग रंगवली तेव्हाच्या दोन रिकाम्या डिस्टेंपरच्या बादल्या, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत आम्ही फेकलेला बदामाचा पाला, चहाचा चोथा आणि कुठलीशी माती. एकीत लवंगी मिरची, दुसरीत कोथिंबीर नि कडेनं पुदिना. समितीची परवानगी नाही, ठराव नाही, पाटी नाही. चौकशी केली तेव्हा मामा म्हणाले, "रात्रीच्या भाकरीबरोबर तोंडी लावायला होतं साहेब. दीड वर्ष झालं." दीड वर्ष! म्हणजे आमच्या दोन बागा त्यांच्या डोळ्यांदेखत लागल्या, जळल्या, आणि हा माणूस गप्प.

तर अशा वेळी भावनेच्या आहारी जाऊ नका. बादल्या सात दिवसांत हलवाव्यात असा ठराव करा, सूचक-अनुमोदक लिहून घ्या आणि सर्वानुमते मंजूर करा. मात्र सभेला कांदेपोहे असतात आणि पोह्यांवर घालायला कोथिंबीर आणायची आपण नेहमी विसरतो, तेव्हा बादल्यांच्या पाहणीला जाणाऱ्या उपसमितीकडे आठवणीनं एक पिशवी द्या. चार मिरच्याही घ्यायला सांगा. मामांना विचारायची गरज नाही, त्यांनी कोथिंबीर आधीच निवडून, धुऊन ठेवलेली असते.