दीर्घिका दीर्घिकेला गिळते ती कशी: वेगाच्या आक्षेपाला उत्तर

दीर्घिकासमूहाच्या मधोमध असलेली महाकाय दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समुदाय) इतर दीर्घिका गिळून वाढली, या म्हणण्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: दीर्घिकासमूहात दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने धावतात, मग त्या विलीन कशा होतील? एकमेकींना भेदून पुढेच जातील. त्यापेक्षा भोवतीचा तप्त वायू थंड होऊन मधल्या दीर्घिकेत पडला आणि त्याचे तारे झाले, हे तुम्हाला जास्त पटतं.

वेगाचं म्हणणं अगदी खरं, पण ते कुठल्याही दोन दीर्घिकांपुरतं. जड दीर्घिका समूहभर पसरलेल्या कृष्णद्रव्यातून (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्यातून) जाते तेव्हा तिच्या ओढीने ते तिच्यामागे दाटतं आणि तिलाच मागे खेचतं. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ साली ताऱ्यांच्या संदर्भात मांडलेलं गतिक घर्षण ते हेच. त्याचा जोर वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून छोट्या दीर्घिका अब्जावधी वर्षं घिरट्या घालत राहतात, जड मात्र केंद्राकडे घसरतात. एबल ३८२७ या समूहाच्या मध्यभागी चार दीर्घिकांचे गाभे एकाच प्रभेत अजून वेगवेगळे दिसतात. शिवाय समूह आयता जन्मत नाही, लहान गट जुळून तो बनतो. गटात वेग काहीशे किलोमीटरच असतो, त्यामुळे बरंचसं विलीनीकरण तिथेच उरकलेलं असतं.

आता वायू. ययाती (पर्सियस) या दीर्घिकासमूहातला वायू कोट्यवधी अंश तापलेला आहे आणि क्ष-किरणांतून ऊर्जा गमावतो आहे. या हिशेबाने अशा समूहांत दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड व्हायला हवा होता. पण चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणींना तेवढा थंड होत असलेला वायू सापडलाच नाही! ययाती समूहाच्या मधल्या दीर्घिकेतलं, म्हणजे एनजीसी १२७५ मधलं, कृष्णविवर आपल्या झोतांनी त्या वायूत प्रचंड बुडबुडे फुगवतं आणि त्याला निवू देत नाही. फिनिक्स समूहात मात्र तुम्ही म्हणता तसंच घडतंय, वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे. पण तो अपवाद. तेच सर्वत्र चालू असतं तर समूहांमधल्या या मध्यवर्ती दीर्घिका तरुण ताऱ्यांनी निळ्या दिसल्या असत्या. बहुतेक तांबूस आहेत, त्यांतले तारे फार जुने. वेगवेगळ्या दीर्घिकांत आधीच जन्मलेले ते तारे नंतर एकत्र आले.

आक्षेप घ्यायचाच तर दुसरीकडे घ्या. विलीन होताना ओरबाडले गेलेले सगळे तारे मधल्या दीर्घिकेत राहत नाहीत, कित्येक समूहभर विखुरतात. खगोलशास्त्रज्ञ फ्रित्झ झ्विकी यांनी केश (कोमा) या दीर्घिकासमूहात हा फिकट प्रकाश १९५१ मध्येच नोंदवला होता. तो कुठे सुरू होतो आणि दीर्घिका कुठे संपते याची रेघ जो तो आपापल्या परीने ओढतो, त्यामुळे ती किती वाढली याचे आकडेही बदलतात.