रेडियमचा गाळ जमिनीत पुरावा, पण त्याची नोंद जमिनीच्या कागदावर चढवावी

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात नूनन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या एका बंद पेट्रोल पंपाच्या इमारतीत 2014 साली पिशव्यांचे ढीग सापडले आणि त्यांत बाकेन तेलक्षेत्रातले वापरलेले ‘फिल्टर सॉक’ निघाले. तेलाबरोबर खोलवरून येणारे खारे पाणी परत जमिनीखाली सोडण्याआधी मोज्यासारख्या दिसणाऱ्या या लांब पिशव्यांतून गाळतात, आणि खडकातून पाण्यात उतरलेले किरणोत्सारी रेडियम गाळाबरोबर त्यांत साचत जाते. ग्रॅममागे 5 पिकोक्युरीपेक्षा (पिकोक्युरी हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) जास्त रेडियम असलेला कचरा त्या राज्यात पुरायला तेव्हा मनाई होती, म्हणजे तो परराज्यात पाठवणे भाग होते, आणि तो खर्च चुकवायचा असला की ओसाड इमारत बरी पडते.

अमेरिकी सरकारच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानंतर, 2016 पासून, ही मर्यादा 50 करण्यात आली; मात्र ती परवानाधारक कचराभूमींपुरती आणि वर्षाला 25,000 टनांच्या अटीवर. मर्यादा एकदम दसपट केली म्हणून बरीच ओरड झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. रेडियम जाळून नष्ट होत नाही. ते कुठेतरी ठेवावेच लागते. तेलविहिरींच्या नळांत बसणाऱ्या बेरियम सल्फेट या क्षाराच्या खपलीत अडकलेले रेडियम पाण्यात फारसे विरघळत नाही, आणि वर मातीचा जाड थर असला की गॅमा किरण बहुतांशी अडतात, रेडियमपासून तयार होणारा किरणोत्सारी रेडॉन वायूही बराचसा वर येण्यापूर्वीच क्षय पावतो.

माझा आक्षेप काळाच्या हिशेबाला आहे. कचराभूमी बंद झाल्यावर देखभालीची जबाबदारी साधारणपणे 30 वर्षांची धरतात आणि रेडियम-226 चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे 1,600 वर्षांचे आहे. पुढे कधी कोणी तो थर उकरून तिथे घर बांधले, तर बंद खोल्यांत रेडॉन साठत राहील. देशभर लागू होईल असा एक नियमही नाही, कारण 1980 साली तेल-वायूच्या उत्खननातला कचरा घातक कचऱ्याच्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला गेला आणि प्रत्येक राज्याने आपापला आकडा ठरवला. ओरेगनमधील आर्लिंग्टनच्या कचराभूमीत बाकेनचा 1,200 टनांहून अधिक किरणोत्सारी कचरा 2016 ते 2019 या काळात जाऊन पडला, आणि त्या राज्याच्या यंत्रणेला ते कळले तेव्हा तो पुरूनही झाला होता.

आपल्याकडे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढवतात, तसे काय पुरले, किती खोल पुरले आणि किती रेडियमचे पुरले, हे मालक बदलला तरी न पुसता येणाऱ्या नोंदीत असले पाहिजे. नुसते ‘येथे कचराभूमी होती’ एवढे पुरेसे नाही. दीर्घकाळच्या देखरेखीसाठी टनामागे शुल्कही घ्यावे, आणि तेही कचरा दाखल होतानाच, विहिरी चालू आहेत तोवर. बाकेनमधली व्हायटिंग पेट्रोलियम ही मोठी उत्पादक कंपनी 2020 च्या एप्रिलमध्ये तेलाचे भाव कोसळताच दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली होती. नंतर वसुलीला जाऊ म्हणणाऱ्या सरकारने तेवढे तरी आठवावे.