फायटरला आकडे नकोत, डाव हवेत

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन डाइसवर खेळायची गोष्ट) खेळणाऱ्या नाशिककरांसाठी लिहितोय, आणि ज्यांनी कधी डाइस हातात घेतला नाही पण तालमीची माती अंगाला लावलीय त्यांच्यासाठीही. पोस्ट लांबलीय. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे वाचाच.

आमच्या इंदिरानगरच्या टेबलावर एक मुलगा फायटर, म्हणजे जादूशिवाय लढणारा गडी, खेळतो. पंचवटीतल्या तालमीत लहानपणापासून मेहनत केलेला गडी. मागच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे सलग चालणाऱ्या गोष्टीत, एक ऑर्क (राक्षसी जातीचा) सरदार कुऱ्हाड उगारून त्याच्या अंगावर धावून आला. हा लगेच म्हणाला, "जोरात येतोय ना? येऊ दे. हात खांद्यावर घेतो आणि धोबीपछाड." सगळे सरसावून बसले. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी होतो. २०१४ च्या नियमांत जे आहे ते सांगितलं: अ‍ॅथलेटिक्सचा रोल कर, जिंकलास तर ग्रॅपल, म्हणजे पकड: ऑर्कचा वेग शून्य. आपटायचा असेल तर आणखी एक हल्ला सोडून शव्ह कर, म्हणजे धक्का देऊन पाड. ऑर्क धावत येतोय की जागेवर उभा आहे, यानं रोलमध्ये काडीचाही फरक पडत नाही. समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा, हे त्या डावाचं मर्म. नियमाला नेमकं तेच दिसत नव्हतं. पुढच्या टर्नला पोरगं नुसतं म्हणालं, "मारतो." त्याच्या पुढच्या टर्नलाही, "मारतो."

त्याच टेबलावर विझार्डला, म्हणजे जादूगाराला, पाचव्या लेव्हलला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळतो आणि फायटरला दुसरा हल्ला. माझी तक्रार डॅमेजची नाही. दिवसभराच्या लढाया धरल्या तर फायटर कुणाला हार जात नाही. तक्रार अशी आहे की विझार्ड खेळणारा प्रत्येक टर्नला विचार करतो, आज काय वापरू, काय राखून ठेवू, कुठे टाकू. फायटर खेळणारा आपली पाळी येईपर्यंत मोबाइल बघतो. १९७४ साली हा खेळ आला तेव्हापासून 'फायटिंग मॅन' त्यात आहे, आणि त्याच्यासाठी निघणाऱ्या बहुतेक सप्लिमेंटांत, म्हणजे जोडपुस्तकांत, अजूनही रोलला अधिक एक, अधिक दोन एवढंच हाती लागतं.

फायटरचा बॅटल मास्टर हा प्रकार आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे, आणि मला तो आवडतो. तिसऱ्या लेव्हलला तीन मॅन्युव्हर, म्हणजे डाव, ते वापरायला चार सुपिरिऑरिटी डाइस, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की डाइस परत. त्यातला रिपोस्ट तर अस्सल प्रतिडाव आहे: समोरच्याचा वार चुकला की त्याच क्षणी तुमचा वार. पण सगळे मॅन्युव्हर पहिल्या दिवसापासून खुले. सगळ्यात चांगले तीन तुम्ही तिसऱ्या लेव्हललाच उचलता, मग सातव्या, दहाव्या, पंधराव्या लेव्हलला त्याच यादीतले उरलेसुरले. विझार्डच्या मंत्रांना नऊ पायऱ्या आणि फायटरच्या डावांना एकच. कुठला वस्ताद असं शिकवतो? आधी खडाखडी, पकड, पट काढणं. पोरगं तयार झालं की मग ढाक, मग कलाजंग असे अवघड डाव.

या पायऱ्या एकदा बांधल्या गेल्या होत्या. २००६ साली खेळाच्या साडेतीन (३.५) आवृत्तीसाठी 'टोम ऑफ बॅटल' हे पुस्तक आलं. नऊ शैली, तीन नवे क्लास (पात्रांचे प्रकार), पहिल्यापासून नवव्या पायरीपर्यंत चढत जाणारे डाव. काही वार, काही प्रतिडाव, काही पवित्रे. त्यातल्या वॉरब्लेड या क्लासचे डाव संपले तर ते परत मिळवायला झोपावं लागत नाही, लढता लढता साधा एक वार केला की सगळे परत हाताशी. स्टोन ड्रॅगन शैलीचे डाव तर पाय जमिनीला टेकलेले असतील तरच चालतात! हे वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. पाय सुटला की डाव सुटला, हे आपल्याकडच्या कुठल्याही पैलवानाला विचारा.

त्या पुस्तकावर तेव्हा खूप टीका झाली. तलवारबाजाला जादूगार करून टाकला, असं लोक म्हणाले. डेझर्ट विंड शैलीपुरतं ते मलाही पटतं, तलवारीतून आग निघाली की तो फायटर राहिला कुठे? पण त्या आगीपायी आयर्न हार्ट आणि व्हाइट रेव्हनसारख्या निखळ लढवय्या शैलींनाही त्याच माळेत ओवलं गेलं, हा मला अन्याय वाटतो. डावाला पायऱ्या असणं ही जादू नव्हे. ती मेहनत आहे.

२०२४ च्या नियमांत शस्त्रांना मास्टरी, म्हणजे ज्याचा त्याचा खास परिणाम, आली. एकानं पाडता येतं, एकानं ढकलता येतं. पाऊल बरोबर दिशेनं पडलंय. पण तेच शस्त्र, तोच परिणाम, दर टर्नला, म्हणून तिथंही लवकरच सवय होते.

आता आपला दांडपट्टा घ्या. आमच्या टेबलावर कुणी तो मागितला की लाँगसोर्डचे आकडे चिकटवून दिला जातो. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात असतो, मनगट वळत नाही, म्हणून अख्खं अंग फिरवावं लागतं. एकट्याला चौघांनी घेरलं तर पट्टा खुलतो, आणि अरुंद बोळात त्याचे हाल होतात. नियम इथेच तयार आहे: जितके शत्रू जवळ, तितका पट्टेकरी भारी, भिंत जवळ आली की हे सगळं बंद. विटा, म्हणजे फेकायचा भाला, त्याला दोरी असते, फेकून परत ओढता येतो. त्यासाठी वेगळा डाव लिहायला हवा.

आणि लढाई संपल्यावर काय? विझार्ड उडतो, दारं उघडतो, मनं वाचतो. फायटर बाजूला उभा. पूर्वी असं नव्हतं. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत नवव्या लेव्हलचा फायटर गढी बांधायचा, त्याच्या नावावर शिबंदी जमायची. ते पुढे गळत गेलं. दिंडोरीच्या बाजूला जाताना रामशेज दिसतो ना, तो काही उंच गड नाही. १६८२ पासून औरंगजेबाचे सरदार त्याला वेढा घालून बसले आणि पाच वर्षांहून जास्त काळ तो हाती लागला नाही. लोखंडी तोफा नव्हत्या तर गडावरच्यांनी लाकडाच्या केल्या. किल्लेदाराची ही ताकद, म्हणजे माणसं धरून ठेवणं, जागा ओळखणं, असेल त्यातून शस्त्र उभं करणं, फायटरच्या कॅरेक्टर शीटवर कुठल्या रकान्यात लिहायची? तो रकानाच नाही. लढवय्यांसाठीच्या सप्लिमेंटचं निम्मं पुस्तक यावर असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आपण लिहायला कुणाची आडकाठी नाही. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. श्रेय देऊन कुणीही त्यावर आपलं पुस्तक काढावं, विकावंसुद्धा. त्यात फायटरचा फक्त चॅम्पियन हा प्रकार आहे, बॅटल मास्टर नाही. म्हणजे डाव आपल्यालाच नव्यानं लिहावे लागणार, आणि तेच मला हवंय.

मी धोबीपछाड, पट आणि ढाक यांचे नियम लिहायला घेतलेत. प्रत्येकाला तीन गोष्टी: कधी लागतो, लागला तर काय होतं, आणि समोरचा त्यातून सुटतो कसा. तिसऱ्या गोष्टीवर माझी गाडी अडते, कारण ती मातीत उतरलेल्यालाच कळते. नाशिकमध्ये कुणी कुस्ती, लाठी किंवा पट्टा शिकलेलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. डी अँड डी येत नसलं तरी चालेल, तासाभरात शिकवतो. रविवारी सकाळी इंदिरानगरला बसू. ढाकेचा प्रतिडाव आधी घेऊ, तिथंच सगळ्यात जास्त अडलंय.