अँगल कॉकच्या अलीकडचं माझं, पलीकडचं काकांचं

आमच्या बाथरूमच्या भिंतीत नळाचा तुकडा अडकला होता आणि तो मीच अडकवला होता. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी बरंच शहाणपण शिकवणार आहे.

नळ ठिबकत होता. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. हा हिशेब माणूस रात्री अडीचला पडल्या पडल्या करतो. वायसर मी आजवर कितीतरी बदललेत. या वेळी वायसर बदलला, मग अख्खं स्पिंडल, म्हणजे आतली फिरणारी दांडी, बदललं, तरी थेंब चालूच. बोट घालून पाहिलं तर ज्या कडेवर वायसर बसतो तिलाच खाच पडलेली. म्हटलं, आता नळच बदलू. नवा नळ आणला, टेप घरात होती, चावी बंद केली. जुना नळ हाताने हलेना, स्क्रू पाना निसटायला लागला, तेव्हा पेटीच्या तळातून पाईप पाना काढला. तिथेच माती खाल्ली.

पाईप पान्याचा वरचा जबडा मुद्दाम थोडा ढिला ठेवलेला असतो. दांड्यावर जितका जोर द्याल तितका तो जास्त चावतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत डॅनियल स्टिलसन याने काढलेली ही युक्ती, म्हणून त्याला स्टिलसन पानाही म्हणतात. गोल लोखंडी पाईपला धरायला कोपरा नसतो, तिथे या पान्याला तोड नाही. पण झिजलेल्या, पातळ पितळेच्या नळाला तो चिमटून टाकतो. मी दोन्ही हातांनी जोर लावला, कट् असा बारीकसा आवाज आला आणि नळ हातात. आट्यांचा भाग मात्र भिंतीत.

चावी बंद होती ना? होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. तो गेट व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता, त्यामुळे आतला पडदा पूर्ण खाली बसलाच नाही. भिंतीतून करंगळीएवढी धार सुरू. मी चिंधीचा बोळा कोंबून, त्यावर अंगठा दाबून उभी, आणि नवरा फोनवर आमच्या प्लंबरकाकांना सांगतोय, "छोटंसं काम आहे, पाच मिनिटांचं."

हे पाच मिनिटांचं वाक्य आपण सगळेच का म्हणतो?

काका आले. आधी भिंतीकडे बघितलंच नाही. टाकी कुठे आहे ते विचारलं, वर जाऊन टाकीच्या तोंडाशीच पाणी तोडलं, खालचा एक नळ उघडून पाईपातलं पाणी उतरवून टाकलं. मग बसले. हॅकसॉचं अर्धं ब्लेड, एका टोकाला कापड गुंडाळलेलं. ते नळीच्या तोंडातून आत घालून अडकलेल्या तुकड्याला आतून चीर पाडायला सुरुवात केली. चार घिसे, मग बोट घालून बघणं. परत चार घिसे, परत बोट. चीर फक्त तुकड्याच्या जाडीएवढीच खोल जायला हवी. एक घिसा जास्त झाला असता तर भिंतीतल्या एल्बोचे, म्हणजे पाईपच्या वळणाच्या जोडाचे, आटे कापले गेले असते, आणि मग टाइल फोडून एल्बो बदलण्यावाचून इलाज नव्हता. पहिल्या चिरेशेजारी दुसरी चीर. मधली पट्टी बारीक छिन्नीने हलकेच आत ठोकली. ती वाकल्याबरोबर तुकड्याचा ताण गेला, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो गोल गोल फिरत बाहेर आला, जणू आत कधी अडकलाच नव्हता. चाळीस मिनिटं लागली असतील. त्यातली तीस नुसत्या घिसण्यात.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. काय झालं, कसं झालं, पुढे काय काळजी घ्यायची, हे सगळं काका माझ्या नवऱ्याला समजावून सांगत होते. त्याला चावी कुठल्या बाजूला फिरवली की बंद होते हेही माहीत नाही. तो गंभीर चेहऱ्याने मान हलवत होता. शेवटी मी मध्येच विचारलं, "काका, आतले आटे खराब झालेत का?" तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. "नाही ताई, नशीब तुमचं."

तर त्या दिवसापासून माझा नियम ठरला. अँगल कॉकच्या अलीकडचं माझं, पलीकडचं काकांचं. बेसिनखाली किंवा फ्लशच्या टाकीशेजारी भिंतीतून निघालेली ती छोटी चावी म्हणजे अँगल कॉक. तिच्यापुढे जे आहे ते बिघडलं तर चावी बंद करायची आणि निवांत चहा प्यायचा, घरात पूर येत नाही. कनेक्शन पाईप, जेट स्प्रे, बेसिनचा नळ, फ्लशच्या टाकीतला फ्लोट, तिथलं रबर, हे सगळं ज्याचं त्याला जमतं, जमायलाच हवं. भिंतीत थेट बसवलेल्या नळाच्या मागे अशी चावीच नसते. म्हणून तो माझा नव्हता, आणि हे मला नळ तुटल्यावर कळलं.

काम अवघड आहे की सोपं, यावरून ठरवू नका. माझं काम सोपंच होतं. चुकलं तर पाणी मला थांबवता येईल का, आणि चुकलेलं मला दिसेल का, हे दोनच प्रश्न विचारायचे. भिंतीतली गळती महिनोन्महिने दिसत नाही. दिसते तेव्हा पलीकडच्या खोलीचा रंग फुगलेला असतो.

व्हिडिओ बघून शिकण्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही तसंच शिकले. फक्त व्हिडिओत सगळे आटे नवे असतात. गंजलेला, क्षार चढलेला, आधीच्या कुणीतरी वाकडा बसवलेला नळ तिथे कुणी दाखवत नाही.

अलीकडच्या कामांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना तीच सोलून निघते आणि बाहेर तिचा झुबका जमतो. टेप म्हणजे टेफ्लॉन. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी वायू शोधत होते, आणि त्यांच्या सिलिंडरमधून वायू निघेना, आत पांढरी भुकटी. तोच टेफ्लॉन. इतका घसरडा पदार्थ गळती कशी थांबवतो असं मला फार दिवस वाटायचं. तो आट्यांमधली फट भरतो हे खरंच, पण घसरडा असल्यामुळे आटे आणखी थोडे आत जातात, हे त्याचं निम्मं काम. आता कनेक्शन पाईपच्या नटात आधीच रबरी वायसर असतो, पाणी तो अडवतो, तिथे टेप लागतच नाही. तरी लोक टेपही लावतात आणि वर पान्याने पिळतात. हाताने घट्ट करून वर पाव आटा, बास. जास्त पिळलं की वायसर चिरतो, गळायला लागतं, मग आपण आणखी पिळतो.

आणि "अर्धा इंची" या शब्दावर विश्वास ठेवा, पट्टीवर ठेवू नका. अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. पट्टीने मोजून दुकानात गेलात तर पाऊण इंची घेऊन याल. मी आणलंय. सरळ जुना तुकडा खिशात टाकून न्यावा.

अँगल कॉकचा नियम मोडतो तो गीझरपाशी. चावी असली तरी गीझर माझा नाही. टाकीत पाणी तापतं तेव्हा फुगतं, दाब वाढतो, तो बाहेर काढायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातून कधीमधी दोन थेंब पडतात म्हणून लोक त्याला बूच मारतात! असं कुणाच्या घरी दिसलं तर मी पाहुणी म्हणून गेलेली असले तरी बोलते. आणि गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. इथे हौशीपणा नकोच.

मोरीचं पाणी जातं त्या बाजूला मात्र वेगळंच शास्त्र आहे, आणि मला प्लंबिंगमधला सगळ्यात हुशार भाग तोच वाटतो. बेसिनखालचा वाकडा पाईप बघितलाय? त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वाकणात कायम थोडं पाणी साचून राहतं, साधारण ५० मिलिमीटरचा थर. तेच झाकण. सांडपाणी त्यातून जातं, पण गटारातली हवा उलटी येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वाकणाच्या संडासाचं पेटंट घेतलं. घड्याळजी! आज आपण सगळे त्या दोन इंच पाण्याच्या भरवशावर घरात श्वास घेतोय.

ते पाणी वाळलं की काय होतं? बहुतेक वेळा नुसता घाण वास येतो आणि आपण फिनेल ओततो. पण २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या साथीच्या आजाराची लागण ३०० हून अधिक लोकांना झाली. तपासात जी कारणं पुढे आली त्यात बाथरूममधल्या जमिनीच्या जाळ्यांखालचे कोरडे ट्रॅप होते. वर एक्झॉस्ट फॅन चालू, त्यामुळे पाईपातली हवा थेंबांसकट बाथरूममध्ये खेचली गेली. तेव्हापासून न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीत मी अधूनमधून तांब्याभर पाणी ओतते. घरचे हसतात. हसू देत.

बेसिन तुंबलं तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप उघडणं, केसांचा गोळा काढणं, वायसर नीट बसवून परत लावणं हे माझं. पण एकाच वेळी बेसिनही तुंबलंय, जाळीतूनही पाणी वर येतंय, संडासातून गुडगुड आवाज येतोय, असं असेल तर अडथळा पुढे मोठ्या पाईपात आहे किंवा हवेचा पाईप बंद झालाय. तिथे रबरी पंप मारत बसू नका. आणि कृपा करून ॲसिड ओतू नका. ओतलंच असेल तर निदान प्लंबरला आल्या आल्या सांगा. तो माणूस तुमचा ट्रॅप तोंडासमोर धरून उघडणार असतो. ॲसिडवर ब्लीच तर मुळीच नको, दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो.

बोलावताना सांगायचं कसं, हेही आपल्याला येत नाही. "पाणी गळतंय" म्हणजे काय? सतत गळतंय की नळ चालू केल्यावर? गरम पाण्याचं की गार? सगळे नळ बंद करून मीटरकडे बघितलं का? काटा तरीही फिरत असेल तर पाणी कुठेतरी लपून जातंय. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाका, फ्लश करू नका. थोड्या वेळाने भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय, भिंत निर्दोष आहे. एवढं सांगितलं तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो. नाहीतर त्याची एक फेरी नुसती बघण्यात जाते, आणि तिचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. बघणं हेही कामच आहे, द्या की.

प्लंबरमंडळी सगळी साधू आहेत असंही नाही. गळक्या जोडावर बाहेरून सिलिकॉन फासून जाणारे मी पाहिलेत. सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिक पाईपचा, जोड चिकटवून लगेच पाणी सोडणारेही पाहिलेत. ते सोल्व्हेंट म्हणजे डिंक नव्हे. ते प्लास्टिक विरघळवून दोन तुकड्यांचा एक करतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. किती, ते डब्यावर लिहिलेलं असतं. नवीन बाथरूम करताय तर टाइल लागण्याआधी पाईपात दाब भरून काही तास ठेवायला लावा. दाब मोजणाऱ्या मीटरचा काटा खाली आला नाही तरच पुढे. त्याला जो कंटाळा करतो त्याला काम देऊ नका. आणि उघड्या भिंतीचे, शेजारी मोजपट्टी लावून, फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी आरसा टांगताना ड्रिल नेमकं पाईपात घुसतं.

त्या दिवशी काकांनी जाता जाता तो अडकणारा व्हॉल्व्हही बदलून दिला. जुन्याच्या जागी बॉल व्हॉल्व्ह, पाव फेरीत बंद. सहा महिन्यांनी एकदा नुसता उघडझाप करा म्हणाले, हेही नवऱ्याला. मग माझी पेटी आवरायला लागले आणि पाईप पान्यापाशी थांबले. हातात घेतला, नट फिरवून पाहिला, जबड्याच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"जुना आहे. असा आता मिळत नाही. तुम्हाला कशाला लागतो ताई? द्यायचा का?"

नाही म्हटलं. गेल्या आठवड्यात शेजारच्यांकडे आले होते, तेव्हा जिन्यात परत विचारलं.