व्हाइट ओक एकॉर्नपासूनच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. तुमची कॉमेंट वाचली, आणि खरं सांगू का, अशी खडसून लिहिलेली कॉमेंट मला "छान माहिती" पेक्षा जास्त आवडते. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की बॅकयार्डात व्हाइट ओक लावायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये खाली पडलेले एकॉर्न (म्हणजे ओकचं बी) उचला आणि लगेच मातीत घाला. काकांचं म्हणणं, एक तर ही माहितीच चुकीची आहे, एकॉर्न तीन महिने फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय उगवत नाही. दुसरं, हे झाड इतकं हळू वाढतं की सावलीत बसायला आपण उरणार नाही, त्यापेक्षा नर्सरीतून बारा फुटी झाड आणा नाहीतर ब्रॅडफर्ड पेअर (शोभेचं पेअरचं झाड) लावा. आणि तिसरं, मुळं फाउंडेशन फोडतील, पानांचा कचरा वेगळाच.

आधी फ्रीज. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते रेड ओकचं. रेड ओक, पिन ओक या मंडळींच्या एकॉर्नला थंडी लागतेच, ते झाडावर पिकायलाही दोन मोसम घेतात. व्हाइट ओकचा एकॉर्न एकाच मोसमात पिकतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो आणि ओल मिळाली की थेट मूळ सोडतो, त्याच शरद ऋतूत. कोंब मात्र वसंतात वर येतो. म्हणजे वर बर्फ पडलेला असतो तेव्हा खाली मूळ आधीच जमिनीत घुसून बसलेलं असतं. फ्रीजमध्ये ओल्या पीटमध्ये (कुंडीत वापरतात त्या कुजलेल्या शेवाळात) ठेवलात तर तिथेच पिशवीत मुळं फुटतात आणि एकमेकांत गुंततात, मग सोडवताना तुटतात. कोरडे ठेवलेत तर आणखी वाईट, हे बी वाळलं की मेलं, ज्वारी-बाजरीसारखं डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरायचं बी नाहीये ते.

माझ्यावर विश्वास नसेल तर खारीवर ठेवा. इथली करडी खार रेड ओकचा एकॉर्न जसाच्या तसा पुरून ठेवते, पण व्हाइट ओकचा सापडला तर एकतर तिथेच खाऊन टाकते किंवा पुरायच्या आधी त्याच्या टोकाचा अंकुर दातांनी कुरतडून काढते, कारण नाही काढला तर तिचा हिवाळ्याचा साठा उगवून जातो! हे अभ्यासकांनी नीट बघून नोंदवलेलं आहे, माझी कल्पना नाही. तेव्हा गोळा करताना टोक कुरतडलेले एकॉर्न बाजूला काढा, बाकीचे पाण्यात टाका, तरंगणारे बहुतेक वेळा अळीने पोखरलेले किंवा वाळलेले असतात, बुडालेले घ्या. आडवे ठेवून इंचभर माती, आणि वर बारीक जाळी, ती नसेल तर सगळी मेहनत खारीच्या पोटात.

आता हळू वाढण्याचं. इथे माझं तुमच्याशी खरं भांडण आहे. पहिली दोन-तीन वर्षं वीतभर रोपटं बघून माणूस म्हणतो काहीच होत नाहीये, पण ते झाड त्या वेळात सोटमूळ खाली पाठवत असतं, वरचं काम त्याने मुद्दाम मागे ठेवलेलं असतं. कधी हरणाने शेंडा खाल्ला तरी त्याच मुळाच्या जोरावर ते परत फुटतं. आणि तुमचं बारा फुटी झाड? ते नर्सरीतून मुळांभोवतीच्या मातीचा गोळा बांधून उपटतात तेव्हा त्याची बहुतेक मुळं तिथल्याच जमिनीत राहतात. मग ते तुमच्या अंगणात येऊन बरीच वर्षं नुसतं मुळं परत घडवत बसतं, तुम्ही पाइप घेऊन उभे, आणि शेजारी एकॉर्नपासून आलेलं पोरगं आपल्या गतीने त्याला गाठायला लागतं. नर्सरीवाले साधारण असं सांगतात की खोडाच्या जाडीच्या दर इंचामागे एक वर्ष स्थिरावायला धरा. एकदा मूळ धरलं की चांगल्या जागी व्हाइट ओक वर्षाला फूटभर, कधी जास्तही वाढतो. म्हणजे पोरं कॉलेजला जाईपर्यंत सांगण्यासारखं झाड होतं, सावलीला अजून थोडा वेळ, हे मान्य.

ब्रॅडफर्ड पेअरबद्दल फार लिहीत नाही. भराभर वाढतं, फांद्या अरुंद कोनात येतात आणि जरा मोठं झालं की वादळात उभं फाटतं, वर बी रानात पसरून उच्छाद. ओहायोत 2023 पासून आणि पेनसिल्व्हेनियात 2024 पासून त्याची विक्रीच बंद आहे. बाकी तुमची मर्जी.

"आपण उरणार नाही" याला मात्र काय उत्तर देऊ. आपल्या न्यू जर्सीतल्या बास्किंग रिजच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या स्मशानातला व्हाइट ओक तुम्ही बघितला असेल, अंदाजे 600 वर्षांचा, वाळला म्हणून 2017 मध्ये कापला. न्यू जर्सीतच सेलमला क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोकांच्या दफनभूमीतला 6 जून 2019 ला कोसळला. योगायोग बघा, मेरीलँडचा प्रसिद्ध वाय ओकही 6 जूनलाच पडला होता, 2002 साली. पण बास्किंग रिजला त्याच झाडाच्या एकॉर्नपासून वाढवलेलं झाड त्याच आवारात लावलंय, आणि सेलमच्या झाडाची रोपं तर राज्यभरातल्या टाऊन्सना वाटली.

मुळांचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धडधाकट काँक्रीट मूळ सहसा फोडत नाही, आधीच गेलेल्या भेगेत शिरतं. पण झाड मोठं झालं की मुळं वरच्या दोन फुटांतच आडवी लांबवर पसरतात आणि फांद्यांचा घेर 60-80 फूट होतो, तेव्हा घरापासून 30 फुटांच्या आत लावूच नका, वरच्या तारांखालीही नको. तुमचा लॉट लहान असेल तर सरळ लावू नका, डॉगवुडसारखं छोटं झाड लावा, मी वाईट वाटून घेणार नाही.

पानांचं म्हणाल तर कोवळं झाड तपकिरी पानं हिवाळाभर धरून ठेवतं, ते मेलंय समजून उपटू नका (असं केलेले दोघे मला माहीत आहेत). पडलेली पानं तिथेच बुंध्याभोवती राहू द्या, फक्त खोडाला टेकवून ढीग नको. आणि काका, हे खास तुमच्यासाठी कारण तुमचं लॉन मी फोटोत पाहिलंय: ते वीड अँड फीड (तणनाशक मिसळलेलं लॉनचं खत) ओकच्या आसपास टाकू नका. त्यातलं 2,4-डी आणि डायकँबा रुंद पानाच्या तणासाठी असतं, आणि ओकचं पानही रुंदच. खत वगैरे काही नको. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, पाच फुटी तारेचं कुंपण हरणांसाठी, बास.

छाटणी फक्त कडाक्याच्या थंडीत. ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात सापडलेला, वसंतात ताज्या जखमेवर येणारे किडे तो आणतात. रेड ओक त्याने काही आठवड्यांत जातो, व्हाइट ओक बराच तग धरतो, कारण त्याच्या लाकडातल्या नळ्या आतून बुजलेल्या असतात आणि बुरशीला वाट मिळत नाही. बरबन व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची करतात आणि ती गळत नाहीत, ते याच कारणाने. तुमच्या शनिवारच्या बैठकीत सांगायला एक मुद्दा देऊन ठेवला.

तरीही बारा फुटीच आणायचं ठरलं असेल तर आणा, पण बुंध्याचा पसरट भाग जमिनीच्या वर दिसेल इतकंच खोल लावा आणि खड्डा खणायच्या आधी 811 ला फोन करा, गॅसची लाइन कुठून गेलीय ते फुकट मार्क करून देतात. आणि ऑक्टोबरात या इकडे, एकॉर्न पिशवीभर देतो, जाळी तुमची तुम्ही आणा.